महालाच्या आत, महालाच्या बाहेर

शहराचा वारसा म्हटलं की लोक मुंबईकडं बोट दाखवतात. समुद्र, कोट, बंदर, गेट वे. आपल्या नागपूरला समुद्र नाही. नाग नदी आहे, तिचाही नाला झालेला. मग नागपूरचा वारसा कोणता, असं विचारलं की उत्तर तयार असतं : महाल. गांधी गेटातून आत शिरा, नगारखाना बघा, कल्याणेश्वराचं देऊळ बघा, चिटणीसांचा वाडा बघा, तुळशीबाग बघा, की झालं. पाहुण्याला तासाभरात शहर दाखवून मोकळे. भोसल्यांनी शहर वसवलं, ब्राह्मण कारभाऱ्यांनी चालवलं, इंग्रजांनी बुडवलं, असा तीन ओळींचा इतिहास आपण शाळेपासून गिळत आलो.

यातली पहिलीच ओळ खोटी आहे.

नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजानं. बख्त बुलंद शाह त्याचं नाव. अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, १७०२ च्या सुमारास, त्यानं राजापूर बारसा नावाच्या बारा खेड्यांचा पुंजका एकत्र करून शहर उभं केलं. त्याचा वारस चांद सुलतान यानं देवगडहून राजधानी इथं आणली, भोवती तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. आज आपण ज्याला गांधीसागर म्हणतो तो हाच. गांधी गेट म्हणतो तो मुळात जुम्मा दरवाजा. नावं बदलली की मालक बदलतो, हे लक्षात घ्या. दरवाज्याला गांधीचं नाव दिलं यात वाईट काही नाही, पण त्या नावाखाली एक अख्खा गोंड राजा गाडला गेला, याची खंत महालातल्या एकाही वाड्याला वाटली नाही.

चांद सुलतान गेल्यावर गादीचं भांडण लागलं. वली शाहनं गादी बळकावली, तेव्हा राजाच्या विधवा राणीनं वऱ्हाडातल्या रघूजी भोसल्याला मदतीला बोलावलं. रघूजी आला, भांडण मिटवलं, मोबदला घेऊन गेला. मग दोघा भावांत पुन्हा जुंपली, रघूजी पुन्हा आला आणि या खेपेला परत गेलाच नाही. १७४३ पर्यंत सगळा कारभार त्याच्या हाती. गोंड राजाला मारलं नाही, नावापुरता राजा ठेवला, पेन्शन बांधून दिली. महालात गोंड राजाचा किल्ला म्हणून जागा आहे ती याच घराण्याची. राजा किल्ल्यात, राज्य वाड्यात. आदिवासीचा मान ठेवायचा आणि जमीन घ्यायची, ही रीत आजची नाही बाप्पा.

रघूजीच्या फौजा बंगालपर्यंत गेल्या. १७४२ पासून वर्षामागून वर्ष स्वाऱ्या. भास्करराम कोल्हटकर त्यांचा सरदार. शेवटी १७५१ ला अलीवर्दीखानानं ओरिसा सोडला आणि सालीना बारा लाख चौथाई कबूल केली. आमच्या पुस्तकांत हा पराक्रम. आणि बंगालात? तिकडं रडत्या लेकराला गप्प करताना आया आजही बर्गीचं नाव घेतात. बर्गी म्हणजे बारगीर, म्हणजे नागपूरचे घोडेस्वार. गावं जाळली, पिकं लुटली, विणकर पळाले. कलकत्त्याच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी आणि तिथल्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो मराठा खंदक. पुरा झालाच नाही, पण नाव राहिलं. हुगळीकाठचं एक शहर नागपूरच्या भीतीनं जमीन खणत होतं. महालातला नगारा वाजला तो हा असा. एकाच्या वारशाखाली दुसऱ्याचं जळकं गाव असतं, हे बंगालच्या आईला ठाऊक आहे, आपल्या पाठ्यपुस्तकाला नाही.

आणि बघा, पुढं काय झालं. तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला वारला. औरस पुत्र नाही म्हणून डलहौसीनं १८५४ ला राज्य खालसा केलं. वाड्यातली हत्ती-घोडी कवडीमोलानं विकली, जडजवाहीर लिलावासाठी पाठवलं ते त्याच कलकत्त्याला. शंभर वर्षांपूर्वी जे शहर भोसल्यांना भिऊन खंदक खणत होतं, त्याच शहरात भोसल्यांच्या बायकांचे दागिने बोली लावून गेले. याचा मला आनंद नाही. इंग्रज काही आपल्या भल्यासाठी आला नव्हता. पण याचं रडगाणं आपण का गावं? त्या दागिन्यांत आपल्या आजीची नथ नव्हती.

भोसल्यांचा मोठा वाडा काळ्या दगडाचा होता, दुसऱ्या रघूजीनं बांधलेला, आत लाकडाचं कोरीव काम. १८६४ च्या आगीत जळाला. नगारखाना तेवढा उरला. आता विचार करा, तो दगड कुणी फोडला, कुणी वाहिला? लाकूड कुणी ओढत आणलं? बखरीत राजाचं नाव, राणीचं नाव, हत्तीचंसुद्धा नाव. वेठीला धरलेल्या माणसाचं नाव नाही. आपल्या बापजाद्यांचा महालाशी संबंध एवढाच, ओझं टाकायचं आणि सावली पडू न देता बाहेर निघायचं.

सीताबर्डीच्या लढाईचं तसंच. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि टेकडीवर इंग्रजांच्या देशी पलटणी. त्यात मद्रासचं पायदळ होतं, ज्याच्या भरतीत त्या काळी पारिया जातीचे शिपाई घेत. महिन्याभरानं, १ जानेवारी १८१८ ला, कोरेगाव. कोरेगावचा स्तंभ आपल्या पोरांना पाठ आहे, आणि असायलाच पाहिजे. पण रोज ज्या टेकडीखालून बस पकडतो तिच्यावर कोण लढलं, हे किती जणांनी विचारलं? महालातल्या किल्ल्याच्या आत आप्पासाहेबाचे अरब शिपाई अडून बसले होते, मुख्य फौज मोडल्यावरही ते डिसेंबरच्या अखेरीपर्यंत हलले नाहीत. म्हणजे भोसल्याचं राज्य शेवटी धरून ठेवलं ते अरबांनी. शुद्ध मराठी-हिंदू राज्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी ही गोष्टही सांगत जावी.

आता महालाच्या बाहेर या.

नागपूर-भंडाऱ्याकडचा महार नुसता गावकीचा महार नव्हता. घरी माग टाकून जाडंभरडं कापड विणायचा, बाजारात विकायचा. घरची बाई सूत कातायची. कोष्ट्याचं कापड बारीक, लुगड्याचं, किनारीचं. महाराचं कापड शेतकऱ्याच्या अंगावरचं. पैसा थोडा, पण हातात कसब होतं. १८६७ ला रेल्वे नागपूरला आली आणि गिरणीचं कापड स्वस्त झालं. मग १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळ गिरणी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीनं हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतला, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. गोंड राजानं बांधलेल्या तलावाच्या काठी परदेशी राणीच्या नावाची गिरणी, आणि आत घाम गाळायला आमचे लोक. घरचा माग मोडला त्या विणकराला गिरणीच्या भोंग्यानं बोलावलं.

पण गिरणीनं एक केलं. महिन्याला रोख पगार दिला. भाकरतुकड्यासाठी पाटलाच्या दारी उभं राहायची गरज तुटली. पगारातून वर्गणी निघाली, वर्गणीतून शाळा निघाली, वसतिगृह निघालं, वर्तमानपत्र निघालं. नागपूरची चळवळ वाड्यांतून आलेली नाही, भोंग्याच्या वेळापत्रकातून आलेली आहे.

इथं किसन फागोजी बनसोडे हे नाव थांबून वाचा. १८७९ ला मोहप्याला जन्म. १९०७ ला त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. मुलींची! त्या काळी महालातल्या कितीतरी वाड्यांत लेकीबाळींच्या हाती पाटी नव्हती. बनसोडेंनी स्वतःचा छापखाना घातला. १९१० ला ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ ला ‘विटाळ विध्वंसक’, १९१८ ला ‘मजूर पत्रिका’, पुढं १९३१ ला ‘चोखामेळा’. नुसती नावं एका ओळीत लावून वाचा, चळवळ कुठून कुठं गेली ते कळतं : आधी निराश्रित, मग विटाळाशी लढणारा, मग मजूर. ‘मूकनायक’ १९२० चं. त्याच्या दहा वर्षं आधी नागपूरचा एक महार माणूस खिळे जुळवून स्वतःचं पत्र काढत होता.

आणि हाच माणूस धर्मांतराच्या विरोधात गेला. येवल्याच्या घोषणेनंतर बनसोडे बाबासाहेबांबरोबर आले नाहीत. चोखोबाच्या वाटेनं, हिंदू धर्मात राहूनच सुधारणा करायची, यावर ते अडून राहिले. १९४६ ला वारले. आमच्या काही कार्यकर्त्यांना म्हणून त्यांचं नाव घ्यायला संकोच वाटतो. मला हा संकोच पटत नाही. वाट चुकली तिथं चुकली म्हणा, खुशाल म्हणा. पण १९०७ ची शाळा पुसायची? पुसण्याचं काम करायला दुसरे लोक बसलेलेच आहेत, त्यांना आपण कशाला मदत करायची.

१९२० ला, ३० मे ते १ जून, नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष शाहू महाराज. बाबासाहेब तेव्हा एकोणतीस वर्षांचे. अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच ठरवायचे की वरच्या जातीच्या कौन्सिलरांनी, हा प्रश्न तिथं ऐरणीवर आला आणि बाबासाहेबांनी परिषदेला ठाम उभं केलं. पुणे कराराआधी बारा वर्षं हा वाद नागपुरात लढला गेला होता.

कामठी तर दोन पावलांवर. तिथले बाबू हरदास, एल. एन. हरदास, विडी कामगारांची संघटना करणारे, १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आलेले, १२ जानेवारी १९३९ ला अवघ्या पस्तिशीत गेले. आपण रोज एकमेकांना जयभीम घालतो तो रूढ केला या माणसानं.

मग जुलै १९४२, मोहन पार्क. १८ आणि १९ तारखेला दलितांची परिषद, अध्यक्ष मद्रासचे एन. शिवराज. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन इथंच जन्मलं. हे सगळ्यांना माहीत असतं. २० तारखेचं माहीत नसतं. त्या दिवशी बायांची परिषद झाली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. कुठं त्या बायांनी काय मागितलं ते बघा : नवरा-बायकोला काडीमोडाचा हक्क कायद्यानं द्या, एका नवऱ्याला अनेक बायका करायची मुभा बंद करा, गिरणीत, विडी कारखान्यात, नगरपालिकेत, रेल्वेत काम करणाऱ्या बाईला हक्काची रजा द्या, गिरणीत बायांच्या खात्यावर देखरेखीला बाई नेमा. हा शेवटचा ठराव का आला, हे गिरणीत राबलेल्या म्हातारीला विचारा. ती खाली बघून सांगेल. हिंदू कोड बिल दिल्लीच्या कायदेमंडळात यायच्या आधी नागपूरच्या मजूर बाया हात वर करून हे ठराव करत होत्या. शहराच्या वारशाच्या यादीत ही २० जुलै नाही. दगडाची नाही ना ती.

१४ ऑक्टोबर १९५६ बद्दल मी तुम्हाला नव्यानं काय सांगू. एक बारीक गोष्ट मात्र सांगतो. त्या दिवशी नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १ नोव्हेंबरला राज्यं बदलली आणि राजधानीपण गेलं. महालवाले त्याची हळहळ कितीतरी वर्षं करत राहिले. पण अठरा दिवस आधी, लसीच्या संस्थेजवळच्या मोकळ्या मैदानावर पांढऱ्या कपड्यांतल्या लाखो माणसांनी या शहराला जे दिलं होतं ते कुठल्याही राज्य पुनर्रचनेनं जाणारं नव्हतं.

नागपूरच का? १९२५ ला संघाची स्थापना महालात झाली, म्हणून त्यांना डिवचायला ही जागा निवडली, असा बोभाटा तेव्हाच झाला. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी तो मोडून काढला. त्यांचं कारण इतिहासाचं होतं : नाग लोक, त्यांनी केलेला बुद्धधम्माचा प्रसार, आणि त्यांच्या वस्तीतून वाहणारी नाग नदी. लक्षात घ्या, महालाचा त्यांनी विचारच केला नाही. ते महालाच्या पाठीमागं गेले, भोसल्यांच्या मागं, बख्त बुलंदाच्याही मागं.

यावर नाक मुरडणारे पंडित आहेत. नदीच्या नावावरून लोक सिद्ध होत नाहीत म्हणतात. ठीक आहे, नुसत्या नावावर कुणी विसंबू नये. पण ९४० सालच्या देवळीच्या ताम्रपटात नागपूर-नंदिवर्धन असं नाव येतं, म्हणजे गावाचं नाव भोसल्यांपेक्षा आठशे वर्षं जुनं. आणि वैनगंगेवरच्या पवनीला १९६९-७० ला खणलं तेव्हा इसवी सनाच्या आधीचे स्तूप निघाले, त्यातल्या एका खांबावर फणा काढलेला मुचलिंद नाग, खाली त्याचं नाव कोरलेलं. पवनी आपल्यापासून किती दूर? सकाळच्या एस.टी.नं जाऊन संध्याकाळी परत. बाबासाहेब गेल्यानंतर तेरा वर्षांनी जमिनीनं हा पुरावा दिला. पूर्ण वाद मिटला असं मी म्हणत नाही, पण पंडितांनी निदान पवनीपर्यंत तरी जावं.

एम्प्रेस मिल २००२ ला कायमची बंद झाली. जागेवर चकचकीत मॉल उभा आहे, नाव तेवढं एम्प्रेसचं ठेवलंय. झिरो माइलचा १९०७ चा दगड शहराचा मानबिंदू म्हणून मिरवतो, त्याच्या जवळच गोवारी स्मारक आहे : २३ नोव्हेंबर १९९४, हक्काचा दाखला मागायला आलेले ११४ गोवारी चेंगरून मेले, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. फोटो दगडाचा काढतात.

वसंत मून यांनी ‘वस्ती’ लिहिली म्हणून सीताबर्डीचा महारपुरा निदान कागदावर राहिला. इंदोरा, पाचपावली, कामठी यांचा असा एकेक ग्रंथ व्हायला हवा, आणि तो कुणी प्राध्यापक येऊन लिहील याची वाट बघू नका. घरातल्या लोखंडी पेट्या उघडा. गिरणीचा बिल्ला, युनियनची पावती, १९५६ च्या वर्गणीची चिठ्ठी, सायक्लोस्टाइल केलेले जुने अंक. त्यांची शाई उडायला लागलीय, आधी ते उतरवून घ्या. फोटोच्या मागं नावं लिहा. आणि मोहन पार्कला आईच्या कडेवर बसून गेलेली एखादी म्हातारी तुमच्या गल्लीत असेल तर या रविवारीच तिच्याकडं जा, वही घेऊन.