निंदणाची पात

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास वाचावयास घेतला, की गठ्ठे, गाड्या आणि भाव यांनीच पाने भरलेली दिसतात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मुंबईत भाव कडाडले आणि वऱ्हाडात कपाशीचा पेरा वाढला. १८७० साली खामगावला आगगाडीचा फाटाही जोडला गेला. हे सारे खरेच. पण गठ्ठा बांधण्याआधी आषाढ असतो, त्याचे काय?

कपाशीचे रोप मोठे सुस्त. पहिले सहा-आठ आठवडे ते जमिनीलगतच रेंगाळते. तेवढ्यात तण डोक्यावर चढते, खतपाणी खाऊन टाकते. मागाहून ते उपटले तरी हुकलेली बोंडे काही परत लागत नाहीत. म्हणून जुन्या शेतकऱ्याचा बंदोबस्त उन्हाळ्यापासूनच सुरू होई. वखर फिरवायचा, कुंदा आणि हरळी मुळासकट खणून काढायची. तंतूंनी एकमेकींना बिलगलेली सरकी शेणमातीत चोळून सुटी करायची, मग सरत्यातून ओळीने सोडायची. ओळच का? डवरा चालावा म्हणून! मुसकी बांधलेले बैल दोन ओळींमधून जातात आणि मागे तण कापले जाते.

परंतु रोपाच्या बुडाशी उगवलेल्या केन्यापर्यंत डवरा पोचत नाही. तेथे खुरपेच हवे. बायका पात धरून उकिडव्या सरकत जात. मध्येच झड लागली, की काळी माती पायांना गोळ्यांनी चिकटे. डवरणी बंद, निंदण बंद, तण मात्र रात्रंदिवस वाढते! उघडीप पडताच साऱ्या गावाला एकदम बायका हव्यात. अख्खा हंगाम त्या चार दिवसांत त्यांच्या हाती असे, आणि मजुरी गड्याहून कमी.

त्या दशकात नेमलेले कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांनी बियाणे, भेसळ, गठ्ठे यांची कसून चौकशी केली. खुरप्याचे दिवसही तसेच मोजले गेले असते, तर हा इतिहास मला अधिक पटला असता.

जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी तणनाशक सोसणारे, सरकारी मान्यता नसलेले कपाशीचे बियाणे उघडपणे पेरले. निंदणाची मजुरी झेपत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. फवाऱ्याने दिवसाभरात शेत उरकते. पण त्याच मजुरीवर ज्यांच्या घरी पोळ्याचे पुरण शिजते, अशी मुले माझ्या वर्गात बसतात. त्यांच्या आयांनी श्रावणात कोणाच्या बांधावर जावे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.