सिकलसेल आणि गरोदरपण : ‘मूल नको’ म्हणण्याचा काळ गेला

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. अशा दिवसांत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत राबणाऱ्या घरातली एखादी गरोदर बाई हातपाय, कंबर असह्य दुखते म्हणून येते. “रक्त कमी आहे, गोळ्या घ्या,” एवढ्यावर विषय संपू शकतो. पण तिचे माहेर नंदुरबार, गडचिरोली किंवा नागपूरकडचे असेल, तर सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे विचारायलाच हवे. हा आपल्याकडचा आजार नाही, असे म्हणून चालत नाही. माणसे कामासाठी गाव सोडतात, तेव्हा रक्तही बरोबर येते.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २०. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे वर्णन छापले. भारतात १९५२ मध्ये त्या निलगिरीच्या आदिवासींत सापडल्या. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद ‘लॅन्सेट’मध्ये दिली.

गरोदरपणाबाबत मात्र डॉक्टर बराच काळ घाबरलेलेच होते. १९७१ मध्येही अमेरिकेतल्या एका नियतकालिकात, आईच्या जिवाला इतका धोका असताना मूल होऊ देणे योग्य नाही, असे छापून आले. (त्या बाईला काय वाटते, हे फारसे कोणी विचारत नसे.) पुढे १९८८ मध्ये ७२ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीपासून नेमाने रक्त दिल्याने दुखण्याचे झटके कमी झाले, बाळाला मात्र वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून आज सरसकट सगळ्यांना रक्त चढवत नाहीत, गरज पाहून देतात.

आता सिकलसेल असलेल्या अनेकींची बाळंतपणे नीट होतात, पण लक्ष ठेवावे लागते. फॉलिक ॲसिड रोज लागते. लोहाच्या गोळ्या तपासणी करून ठरवतात. स्वतःहून बंद करू नका. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगा. पाणी भरपूर प्या. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, डोके दुखून अंधारी येणे यांतले काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठा.

नवऱ्याचीही तपासणी करा. साधी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही, त्यासाठी एचपीएलसी लागते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पोटातल्या बाळाची तपासणी साधारण ११ व्या आठवड्यापासून करता येते, म्हणून पहिल्या भेटीला उशीर नको. येताना माहेरचे जुने रिपोर्ट असतील तर तेही घेऊन या.