अंतरमापकाच्या जागेवर बसलेला फ्लॅश

कॅमेऱ्याच्या डोक्यावर धातूची एक खाच असते. बाहेरचा फ्लॅश तिच्यात सरकवून बसवतात आणि फोटोग्राफर तिला ‘हॉट शू’ म्हणतात. ही खाच फ्लॅशसाठी घडवलेली नव्हती. ती अंतर मोजणाऱ्या यंत्राची बैठक होती. हे कळल्यापासून फ्लॅशच्या इतिहासाचा क्रमच माझ्यासाठी बदलला. माझं ठाम मत आहे की फ्लॅशवर ताबा मिळवण्याची सगळी धडपड ही मुळात अंतर ओळखण्याची धडपड आहे, आणि त्या खाचेत फ्लॅश येऊन बसला यातच त्याचं कूळ उघड होतं.

जर्मनीत वेट्झलार इथल्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाकने घडवलेला लायका १९२५ साली बाजारात आला. त्यात अंतर मोजण्याची सोय नव्हती. ज्याला नुसत्या अदमासावर भागवायचं नव्हतं तो वेगळा अंतरमापक घेऊन वरच्या खाचेत बसवायचा. त्यातून पाहत दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवायच्या, अंतराचा आकडा वाचायचा आणि तोच आकडा लेन्सच्या कड्यावर लावायचा. १९३२ च्या दुसऱ्या लायकात अंतरमापक कॅमेऱ्याच्या आत गेला आणि थेट लेन्सला जोडला गेला. खाच मात्र जागेवर राहिली, आणि तिच्या मापाची नक्कल इतर कंपन्या करत राहिल्या.

दरम्यान प्रकाशाची कथा आपल्या वाटेने चालली होती. १८८७ मध्ये मिएथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची झगमग पूड आणली. १९२९ च्या सुमारास काचेत बंद केलेला फ्लॅश बल्ब आला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत हॅरल्ड एजर्टन फिरत्या मोटारींचा अभ्यास करताना वायूच्या नळीतून विजेचे झटपट लखलखाट काढू लागले, आणि आजचा स्ट्रोब, म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश, त्याच नळीचा वंशज आहे.

या दोन वाटा १९३८ साली एकत्र आल्या. न्यूयॉर्कच्या युनिव्हर्सल कॅमेरा कॉर्पोरेशनने युनिव्हेक्स मर्क्युरी नावाचा कॅमेरा काढला. त्याच्या डोक्यावरच्या खाचेत विजेचा संपर्कबिंदू होता. फ्लॅश आत सरकवला की तारेविना शटरशी जोडला जाई. पहिला हॉट शू म्हणून याच कॅमेऱ्याचं नाव घेतात.

इथे पहिला आक्षेप येतो, की यात कुळाबिळाचं काही नाही, रिकामी खाच होती म्हणून फ्लॅश बसला. आक्षेप वजनदार आहे. त्या खाचेत प्रकाशमापकही बसत, जादा व्ह्यूफाइंडरही बसत. पण ते पाहुणे गेले आणि फ्लॅश राहिला. शिवाय कंपन्यांनी त्याला तिथून हलवायचा प्रयत्न केलाच होता. १९५९ च्या निकॉन एफ कॅमेऱ्यात फ्लॅशची जागा फिल्म गुंडाळायच्या चकतीभोवती होती, आणि ही रीत एफ-३ पर्यंत चालली. १९८८ च्या एफ-४ मध्ये नेहमीची खाच परत आली. त्याच वर्षी मिनोल्टाने स्वतःची निराळीच खाच आणली. पुढे सोनीने ती वारशात घेतली आणि २०१२ मध्ये सोडून दिली, जुन्या मापाकडे परतण्यासाठी. केवळ सोय म्हणून बसलेली वस्तू दुसरी सोय मिळाली की उठते. फ्लॅश उठून पुन्हा तिथेच आला.

आता मूळ गणित पाहू. फ्लॅशच्या डब्यावर एक ‘गाइड नंबर’ छापलेला असायचा. त्याला अंतराने भागलं की लेन्सचं छिद्र किती ठेवायचं ते कळे. गाइड नंबर १२ असेल आणि माणूस ३ मीटरवर उभा असेल, तर छिद्र एफ/४. माणूस ६ मीटरवर गेला तर एफ/२. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, म्हणून हा हिशेब. म्हणजे फ्लॅश वापरणाऱ्याला सगळ्यात आधी हवा होता तो अंतराचा आकडा, आणि तो सांगणाऱ्याच्याच जागेवर फ्लॅश बसला होता. निकॉनने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ४५ मिलिमीटरची ‘जीएन’ लेन्स काढली. तिच्यात गाइड नंबर लावून ठेवला की फोकसचं कडं फिरवताना छिद्र आपोआप लहानमोठं होई. अंतरमापन आणि फ्लॅश यांची सोयरीक याहून स्पष्ट कुठे दिसेल?

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. काहींच्या मते ही सारी कथा वेळेची आहे. बल्ब पेटून पूर्ण उजेडाला यायला सुमारे २० मिलिसेकंद घेई, म्हणून शटर उघडण्याआधीच त्याला इशारा द्यावा लागे. त्यासाठी शटरवर ‘एम’ खूण होती. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तत्क्षणी पेटतो, त्याच्यासाठी ‘एक्स’. फ्लॅश लावून खूण चुकून ‘एम’वर राहिली की शटर उघडायच्या आत लखलखाट संपून जाई. इतकंच काय, फ्लॅशची ताकद १/१२८ वर आणणं म्हणजे नळीतला प्रवाह लवकर तोडणं, म्हणजे तिथेही वेळच. हे सगळं मला मान्य आहे. पण प्रवाह नेमका कधी तोडायचा, हे कोण ठरवतं? १९६० च्या दशकात हनीवेलने ऑटो स्ट्रोबोनार आणला. त्यातला डोळा माणसावरून परतलेला प्रकाश मोजायचा आणि पुरेसा झाला की नळी विझवायचा. माणूस जवळ असेल तर लवकर, लांब असेल तर उशिरा. १९७५ च्या ऑलिम्पस ओएम-२ ने हाच डोळा कॅमेऱ्याच्या आत नेला आणि फिल्मवरून परावर्तित होणारा उजेड लेन्समधून मोजला. लेन्समधून मोजण्याच्या या रीतीला ‘टीटीएल’ म्हणतात. १९९२ पासून निकॉनच्या ‘डी’ लेन्सेस तर अंतराचा आकडाच फ्लॅशच्या हिशेबात पाठवू लागल्या. घड्याळ फक्त हुकूम पाळतं, हुकूम अंतराचा असतो.

दरम्यान फ्लॅश खाचेबाहेर, खुद्द कॅमेऱ्याच्या अंगातही शिरला. या अंगभूत फ्लॅशची वंशावळ एका ओळीची: १९६४ चा फोक्टलेंडर विट्रोना, १९७५ चा कोनिका सी-३५ ईएफ, आणि लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यांत टीटीएलसह १९८७ चा पेंटॅक्स एसएफ-एक्स.

माझ्या सिद्धांताची खरी परीक्षा होते ती फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर नेल्यावर. स्ट्रोब माणसाच्या डावीकडे २ मीटरवर उभा केला की कॅमेरा ५ मीटरवर असो की १० वर, फरक पडत नाही. हिशेबात धरायचं ते स्ट्रोबपासून माणसापर्यंतचं अंतर, आणि ते कॅमेऱ्याला माहीत नसतं. इथे जुनं नातं तुटतं. म्हणून स्टुडिओतले लोक ताकद हाताने लावतात, आणि कॅमेऱ्यातल्या फ्लॅशकडे उरतं फक्त इशारा देण्याचं काम. स्ट्रोबला लावलेला ‘स्लेव्ह’ तो उजेड पाहतो आणि स्ट्रोब पेटवतो. टीटीएलमध्ये मात्र खऱ्या झोताआधी चाचणीचा झोत जातो आणि साधा स्लेव्ह त्यालाच फसून आधीच पेटतो. उपाय असा की अंगभूत फ्लॅश मॅन्युअलवर घ्यायचा, ताकद कमीत कमी ठेवायची आणि लाल डोळे टाळायची सोय बंद करायची. त्याचा उजेड चित्रात नको असेल तर डेव्हलप केलेल्या स्लाइड फिल्मचं कोरं काळं टोक त्याच्यावर चिकटवायचं. दिसणारा प्रकाश त्यात अडतो, अवरक्त पार जातो आणि स्लेव्हला तेवढा पुरतो. डिजिटल काळात नवा उपयोग सापडलेला हा फिल्मचा तुकडा मला फार प्रिय आहे.

पण तुटलेलं नातं पुन्हा जुळलं, आणि तेही अंगभूत फ्लॅशनेच जुळवलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिनोल्टाच्या ७-एक्सआयने तारेविना दूरच्या फ्लॅशला सांकेतिक झोतांतून आज्ञा दिल्या. २००४ च्या निकॉन डी-७० मध्ये आणि २००९ च्या कॅनन ७-डीमध्ये हीच विद्या आली. पुढच्या निकॉन कॅमेऱ्यांत फ्लॅशचे गट करता येतात. शटर उघडण्याआधी छोटा फ्लॅश एका गटाला चाचणीचा झोत टाकायला सांगतो आणि कॅमेरा परतलेला उजेड मोजतो. मग दुसऱ्या गटाची पाळी. त्यानंतर प्रत्येकाला त्याची ताकद कळवली जाते आणि शेवटी पेटण्याचा इशारा होतो. प्रत्येक दिव्याला वेगवेगळं विचारलं जातं की तुझा उजेड माणसापर्यंत किती पोचतो. लायकाच्या खाचेतला अंतरमापक एका अंतराचं उत्तर देई, इथे जितके गट तितकी उत्तरं मिळतात.

आज डी-५०० आणि डी-८५० सारख्या कॅमेऱ्यांत अंगभूत फ्लॅश उरलेला नाही, आणि आज्ञा रेडिओवरून जातात. रेडिओ भिंतीपलीकडे पोचतो, उन्हात हरवत नाही, म्हणून तो जिंकणारच होता. तरी टीटीएल हवं असेल तर चाचणीचा झोत आजही टाकावाच लागतो, कारण रेडिओ लहरीला माणसावर किती उजेड पडला ते कळत नाही. आणि तो रेडिओ ट्रिगर कॅमेऱ्यावर बसतो कुठे? त्याच खाचेत. म्हणून नवीन शिकणाऱ्याला माझं सांगणं असतं की मेन्यूतले पर्याय पाठ करण्याआधी स्ट्रोब १ मीटरवरून २ मीटरवर सरकवून पाहा. १/१६ ची ताकद १/४ करावी लागते. एवढं हाताला समजलं की बाकीची बटणं आपोआप अर्थ सांगू लागतात.