फुटबॉल क्लबांची राज्यसंलग्न मालकी

परदेशी सरकार, राजघराणे वा सरकारी गुंतवणूक निधी यांच्याकडे व्यावसायिक फुटबॉल क्लबची मालकी असण्याचा प्रकार. २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांच्या समूहाने मँचेस्टर सिटी हा इंग्लिश क्लब थायलंडचे माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांच्याकडून विकत घेतला. २०११ मध्ये कतारच्या गुंतवणूक संस्थेने पॅरिस सां-जर्मांत पाय रोवले. मँचेस्टर सिटीच्या पालक समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता.

राजकीय प्रभावाचा प्रश्न न्यूकॅसल युनायटेडच्या विक्रीत सर्वांत ठळकपणे पुढे आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने क्लबचा ८० टक्के हिस्सा घेतला. सौदी राज्यसंस्था क्लबवर नियंत्रण ठेवणार नाही, अशी कायदेशीर हमी मिळाल्याचे प्रीमियर लीगने सांगितले. मात्र निधीचे अध्यक्ष सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान हेच आहेत. मानवी हक्कांच्या उल्लंघनावर खेळाच्या लोकप्रियतेचे पांघरूण घातले जाते, अशी टीका ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने केली.

२०२२ मध्ये रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर ब्रिटनने चेल्सी या इंग्लिश क्लबचे रशियन मालक रोमान अब्रामोविच यांच्यावर निर्बंध लादले आणि क्लब विकला गेला. मालकाच्या राजकीय संबंधांची झळ क्लबला व चाहत्यांना कशी बसते, हे त्यातून दिसले. याउलट जर्मनीत ‘५०+१’ नियमामुळे बहुमताचे अधिकार सर्वसाधारणपणे क्लबच्या सभासदांकडेच राहतात. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र फुटबॉल नियामक नेमण्यात आला.