होळकर संघ विकतचा नव्हता

माळव्यात क्रिकेटचा विषय निघाला की निकाल आधीच लागलेला असतो. होळकर संघ म्हणजे इंदूरच्या महाराजांची हौस. खेळाडू बाहेरून आणले, फौजेत हुद्दे देऊन पोसले, चार वेळा रणजी करंडक घेतला. संस्थान गेले आणि संघही गेला. उज्जैनच्या नानाखेडा बसस्थानकावर इंदूरच्या गाडीची वाट पाहणारे निवृत्त मास्तर हेच सांगतात, इथल्या स्टेडियमवर मुलांना सोडायला आलेले पालक हेच सांगतात, आणि क्रिकेटच्या इतिहासावर लिहिणारे बरेच जण जरा भारदस्त भाषेत हेच लिहितात. मत इतके रुजले आहे की त्याला कोणी पुरावा विचारत नाही. तो विचारायला हवा, कारण या मताखाली एका शहराची अकरा वर्षांची मेहनत गाडली गेली आहे.

पूर्वपक्ष आधी प्रामाणिकपणे मांडतो. १९२३ साली होळकर दरबाराने नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरला बोलावून घेतले आणि फौजेत कप्तान केले. पुढे ते कर्नल झाले. १९४१-४२ पासून संघ होळकर या नावाने रणजी स्पर्धेत उतरू लागला. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, खंडू रांगणेकर मुंबईचे, चंदू सरवटे सागरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर डेनिस कॉम्प्टन होळकरकडून खेळला. हे सगळे खरे आहे. दरबाराचा पैसा नसता तर यांतले काही जण इंदुरात पाऊलही टाकते ना, हेही खरे. माझा वाद पुढच्या उडीशी आहे: पैसा होता, म्हणून जे झाले ते पैशानेच झाले, आणि पैसा आटला, म्हणूनच संपले.

या उडीला पहिला अडथळा तारखांचा. १९४८ च्या मे महिन्यात मध्य भारत अस्तित्वात आला, होळकरांचे राज्य त्यात विलीन झाले आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख या शोभेच्या पदावर आले. त्याआधी संघाने १९४४-४५ पासून लागोपाठ चार अंतिम सामने खेळले आणि दोन जिंकले. विलीनीकरणानंतर? १९४८-४९ चा एक मोसम हुकला, आणि मग १९४९-५० पासून १९५४-५५ पर्यंत लागोपाठ सहा अंतिम सामने. त्यांतले दोन जिंकले: १९५०-५१ मध्ये इंदुरात गुजरातला १८९ धावांनी हरवून, आणि १९५२-५३ मध्ये कलकत्त्याला बंगालवर पहिल्या डावाच्या आघाडीने. म्हणजे दहा अंतिम सामन्यांपैकी सहा आणि चार विजेतेपदांपैकी दोन अशा काळातली, जेव्हा होळकर नावाचे राज्य नकाशावर उरलेच नव्हते. शतकाच्या मध्यावरचा तो १९५०-५१ चा मोसम माझ्या दृष्टीने या वादात निर्णायक आहे. संघाच्या नावात होळकर होते, पण तिजोरीवर मध्य भारत सरकारची मोहोर बसून दोन वर्षे उलटली होती.

यावर एक उत्तर मिळते, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. राज्य गेले तरी महाराज होते, तनखा होता, खासगी संपत्ती होती. आश्रय चालूच राहिला. ठीक. पण मग यशवंतराव १९६१ च्या डिसेंबरपर्यंत हयात होते, आणि तनखे तर १९७१ पर्यंत चालू होते. संघ मात्र १९५४-५५ च्या मोसमानंतर बंद झाला. राजाश्रयानेच संघ जगला असे म्हणायचे तर तो १९४८ ला तरी खचायला हवा होता, नाहीतर १९६१ पर्यंत तरी टिकायला हवा होता. दोन्ही झाले नाही. इतिहासात कारण आणि परिणाम यांच्या तारखा इतक्या फटकून असतील तर कारण दुसरे शोधावे लागते.

उज्जैनकरांना तर याहून जवळचा पुरावा आहे. आपले गाव होळकरांचे नव्हते, शिंद्यांचे होते. ग्वाल्हेर दरबार होळकरांपेक्षा मोठा, मुलूख मोठा, उत्पन्न मोठे, तोफांची सलामीही मोठी. त्या ग्वाल्हेरचा संघ १९४३-४४ मध्ये रणजी स्पर्धेत उतरला आणि पुन्हा दिसला नाही. पैशाने विजेता संघ उभा राहत असता, तर करंडक इंदूरच्या आधी ग्वाल्हेरला गेला असता आणि नानाखेड्यातले आजोबा आज शिंद्यांच्या संघाच्या गोष्टी सांगत बसले असते. नवानगरचे उदाहरणही बोलके आहे. जामसाहेबांच्या संघाने १९३६-३७ मध्ये करंडक जिंकला. कर्णधार होता बर्ट वेन्सली हा इंग्रज व्यावसायिक खेळाडू, आणि संघात तरुण विनू मांकड. पुढच्या वर्षी अंतिम सामना हैदराबादने एका गड्याने जिंकला, आणि त्यानंतर नवानगर पुन्हा त्या उंचीवर आले नाही. राजाच्या हौशीचा संघ कसा असतो, किती टिकतो, हे पाहायचे असेल तर तिथे पाहावे. दोन वर्षांची झळाळी आणि अकरा वर्षांत दहा अंतिम सामने यांना एकाच खात्यात टाकता येत नाही.

आता ‘बाहेरचे’ या शब्दाकडे येतो, कारण सगळा आरोप त्यावर उभा आहे.

मार्च १९४६. इंदूर, समोर म्हैसूर, उपांत्य सामना. होळकरने ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. एका डावात सहा जणांची शतके: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रताप सिंग १००. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये तोवर असे कधी घडले नव्हते. या फलकाकडे नीट पाहिले पाहिजे. यादीत मुश्ताक अली नाहीत, म्हणजे इंदूरच्या मातीतला सर्वांत गाजलेला फलंदाज त्या दिवशी शतकाविनाच परतला. नायडू आहेत, त्यांना या सामन्याच्या वेळी इंदुरात राहून बावीस-तेवीस वर्षे झाली होती आणि वय पन्नास होते. त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात, बडोद्याविरुद्ध, त्यांनी २०० धावा काढल्या. माधवसिंह जगदाळे इथलेच. त्यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. सरवटे सागरचे, पण इंदुरात आले ते कायमचे. वकिली शिकले, ठसेतज्ज्ञ म्हणून नाव कमावले, राष्ट्रीय निवड समितीवर गेले आणि २००३ मध्ये इंदुरातच वारले. (इंदूरच्या सरवटे बसस्थानकावर उतरणाऱ्या कित्येकांना ते नाव या सरवट्यांचे वाटते, ते संविधान सभेचे सदस्य विनायक सीताराम सरवटे यांचे आहे.) नायडू १९६७ मध्ये इंदुरातच गेले, मुश्ताक अली २००५ मध्ये. पगारासाठी आलेला माणूस पगार थांबल्यावर जातो. ही माणसे गेली नाहीत.

‘स्थानिक कोण’ हा प्रश्न त्याच काळात दुसऱ्या एका शहरातही विचारला जात होता. सिडनी शहराच्या रग्बी लीग स्पर्धेत त्या काळी नियम असा होता की खेळाडू ज्या भागात राहतो त्याच भागाच्या क्लबकडून खेळणार. साउथ सिडनीने १९५० चे विजेतेपद घेतले ते या नियमाखाली, आणि पुढच्या पाच वर्षांत आणखी चार. जन्म कुठला, हे त्या नियमाला विचारायचे नव्हते. बिऱ्हाड कुठे आहे, एवढेच. ती कसोटी इंदूरला लावा. नायडू इंदूरचे, सरवटे इंदूरचे. निंबाळकर तेवढे दोन घरचे: १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठेवाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ केल्या त्या महाराष्ट्राकडून, आणि नंतर ते पुन्हा होळकरकडे आले. एका निंबाळकरांसाठी साऱ्या संघाला भाडोत्री ठरवणे अन्याय आहे.

आणि कॉम्प्टन? त्याचे नाव पूर्वपक्षाला फार प्रिय आहे, म्हणून त्या सामन्याकडे जरा जवळून पाहू. तो कुणी विकत आणला नव्हता. महायुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश सैन्यातून महूला आला होता, आणि महू इंदूरच्या उंबऱ्यावर आहे. मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर होळकरला जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. कॉम्प्टनने नाबाद २४९ केल्या. पण त्याच सामन्यात इंदूरच्या मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली, १०९ आणि १३९. आणि सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले, ४२८ धावा दिल्या आणि ११ बळी घेतले. एका प्रथम श्रेणी सामन्यात एका गोलंदाजाने इतके चेंडू कधीच टाकलेले नाहीत. समोर विजय मर्चंट २७८ धावा करीत होते, मुंबई दुसऱ्या डावात ७६४ पर्यंत गेली, आणि हा मनगटी फिरकीवाला एका टोकाने षटकामागून षटक टाकतच राहिला. होळकर ३७४ धावांनी हरले. जगातला नावाजलेला फलंदाज संघात असताना करंडक मिळाला नाही. मिळाला तो पुढच्या मोसमात, आणि त्या मोसमाचा फलक आपण वर पाहिला.

राहता राहिला नोकरीचा मुद्दा. फौजेतला हुद्दा म्हणजे खेळण्याचा पगार, असे म्हटले जाते. असेल. पण हाच न्याय मुंबईला कोण लावतो? मुंबईचे खेळाडू मोठमोठ्या कंपन्यांच्या आणि बँकांच्या हजेरीपटावर असत. टाइम्स शील्डसारखी कचेऱ्यांची स्पर्धा त्यावरच पोसली गेली. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने करंडक ठेवला, तेव्हा त्या संघाला ‘कंपन्यांनी विकत घेतलेला’ कुणी म्हटले नाही. त्याला मुंबईची परंपरा म्हटले, आणि ते रास्तच होते. खेळाडूला पोट असते. ते भरणारा कारखानदार असला तर व्यवस्था आणि राजा असला तर हौस, ही मोजदाद मला पटत नाही. दरबाराने जे दिले ते एवढेच की नायडूंसारखा माणूस पोटाची चिंता न करता वीस-पंचवीस वर्षे एका गावात राहिला. गावाने त्या वर्षांचे काय केले, हा वेगळा प्रश्न आहे, आणि खरा इतिहास तिथे आहे. मुश्ताक अली शाळकरी वयात नायडूंच्या नजरेस पडले. १९३४ मध्ये ते कसोटीत आले डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून. १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा करून परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय झाले. होळकर नावाचा संघ तेव्हा जन्मलाही नव्हता. पीक १९४५ नंतर दिसले. पेरणी त्याच्या वीस वर्षे आधीची.

मग संघ संपला का? माझ्या मते मुख्य कारण वय. १९५०-५१ मध्ये करंडक उचलणाऱ्या कर्णधार नायडूंनी पंचावन्न वर्षे पूर्ण केली होती. १९५३-५४ पासून नायडू आंध्राकडे गेले. त्यांच्याविना संघ आणखी दोनदा अंतिम सामन्यात पोचला: एकदा मुंबईकडून, मग इंदुरातच मद्रासकडून ४६ धावांनी हरला. त्या शेवटच्या मोसमात मुश्ताक अलींनी चाळिशी गाठली होती, निंबाळकर पस्तिशीत होते आणि ते पुढे रेल्वेकडे गेले. त्या पिढीमागे तेवढ्याच ताकदीची दुसरी फळी उभी नव्हती, हा दोष संघाच्या कारभाराला खुशाल लावावा. तो खरा आहे. शिवाय १९५५-५६ पासून संघाचे नाव मध्य भारत झाले आणि पुढे मध्य प्रदेश. एका शहराचा संघ भोपाळ, जबलपूर, ग्वाल्हेर आणि रायपूर यांच्यात वाटला गेला. इंदूरची घट्ट वीण त्यात सैल झाली. यात कुठेही महाराजांच्या तिजोरीचे कुलूप दिसत नाही.

आणि संघ गेला म्हणून खेळ गेला, हे तर मुळीच नाही. मुश्ताक अलींचा मुलगा गुलरेझ आणि नातू अब्बास मध्य प्रदेशकडून खेळले. म्हैसूरविरुद्ध १६४ धावा करणाऱ्या माधवसिंह जगदाळ्यांचा मुलगा संजय मध्य प्रदेशकडून खेळला आणि नंतर मुले घडवत राहिला. गोरखपूरहून एक गुटगुटीत मुलगा लेगस्पिन शिकायला इंदुरात आला तो याच जगदाळ्यांच्या हाताखाली. १९८८ च्या जानेवारीत मद्रासला, पहिल्याच कसोटीत, नरेंद्र हिरवाणीने वेस्ट इंडीजचे १६ गडी १३६ धावांत बाद केले. होळकर संघाचा शेवटचा सामना होऊन तेव्हा तेहतीस वर्षे होत आली होती, यशवंतराव जाऊन सव्वीस आणि तनखे बंद होऊन सोळा.