मोबाईलवरचा अलर्ट की सिक्युरिटी कंपनी? शहापूर-मुरबाडमधल्या बंद घरासाठी कशावर भरवसा ठेवायचा?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत बंद घरं दोन प्रकारची दिसतात. काही मुंबई-ठाण्यातल्या लोकांची फार्महाऊस आणि सेकंड होम आहेत, तिथे शनिवार-रविवारीच दिवा लागतो. काही गावातलीच घरं आहेत. त्यांतली माणसं नोकरीसाठी कल्याण-डोंबिवलीला राहतात आणि गणपतीला किंवा लग्नकार्याला गावी येतात.

या घरांत आता वायफाय कॅमेरे बसू लागले आहेत. दोन-तीन हजारांचा कॅमेरा आणला, मोबाईलमध्ये ॲप टाकलं की झालं. घरात हालचाल झाली तर फोनवर अलर्ट येतो. पण हा अलर्ट ऐन वेळी येईलच याची खात्री किती? आणि जास्त पैसे मोजून कंपनीची यंत्रणा बसवली तर नेमकं काय जास्त मिळतं? समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- घरगुती ॲपचा अलर्ट वीज, इंटरनेट, कंपनीचा सर्व्हर आणि तुमचा फोन या चारही गोष्टी चालू असतील तरच येतो.
- व्यावसायिक यंत्रणेचा खरा फायदा चांगला कॅमेरा हा नाही. यंत्रणा बंद पडली तर ते कुणाच्या तरी लक्षात येतं, हा आहे.
- अलर्ट आल्यावर घरापर्यंत कोण पोहोचणार, हा प्रश्न दोन्हीकडे उरतोच.

खोटे अलर्ट का येतात?

बहुतेक स्वस्त कॅमेरे चित्रातला बदल पाहून हालचाल ओळखतात. रात्री कॅमेऱ्याभोवतीच्या इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात. किडे आले की कोळी जाळं विणतो आणि वाऱ्याने जाळं हललं तरी कॅमेऱ्याला ती हालचाल वाटते. पावसाच्या सरी, हलणारी फांदी, मांजर, माकड यांचंही तेच. माणूस ओळखणारे नवे कॅमेरे यातले बरेच अलर्ट गाळतात, सगळे नाही.

दुसरा प्रकार पीआयआर सेन्सरचा. तो शरीराची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यांतला फरक टिपतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या किंवा बंद खोलीचं तापमान शरीराच्या तापमानाजवळ गेलं की हा फरक कमी होतो आणि सेन्सरची नजर मंदावते. उलट, सेन्सरच्या काचेवर पाल चढली तर तो अलार्म देऊ शकतो.

खोट्या अलर्टचा तोटा मनस्तापापुरता राहत नाही. दिवसाला वीस अलर्ट आले की माणूस ते बघणं सोडतो, नाहीतर आवाज बंद करतो. मग एकविसावा खरा असला तरी तोही तसाच जातो.

व्यावसायिक अलार्मही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेच्या न्याय खात्याने पोलिसांसाठी काढलेल्या एका मार्गदर्शिकेनुसार, तिथे पोलिसांकडे येणाऱ्या घरफोडीच्या अलार्मपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे निघतात. म्हणूनच सॉल्ट लेक सिटीने २००० साली नियम केला की आधी खासगी रक्षकाने जागेवर जाऊन खात्री करायची आणि मगच पोलिसांना बोलवायचं. त्यानंतर अलार्मसाठी पोलीस धावण्याचं प्रमाण जवळपास ९० टक्क्यांनी घटलं.

आणि अलर्ट येतच नाही, तेव्हा?

खोट्या अलर्टपेक्षा हे जास्त धोक्याचं आहे, कारण ते कळतच नाही. घर शांत असलं तरी ॲप गप्प, आणि कॅमेरा बंद पडला असला तरी बहुतेक वेळा ॲप गप्पच. त्याची नेहमीची कारणं अशी:

वीज. पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की वीज जाते. कॅमेऱ्यात बॅटरी असली तरी राऊटर बंद पडतो आणि अलर्ट घराबाहेर निघतच नाही. विजेच्या कडकडाटात राऊटर जळतो, तोही मालक पुढच्या खेपेला येईपर्यंत तसाच राहतो.

नेटवर्क. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर आणि महामार्गालगतच्या गावात सारखा सिग्नल मिळत नाही. सिमकार्डवर चालणारे अलार्म बॉक्सही मिळतात. त्यांतले अनेक स्वस्त बॉक्स फक्त टू-जीवर चालतात, त्यामुळे त्यांत जिओचं सिम चालत नाही. जिओचं टू-जी नेटवर्कच नाही. प्रीपेड सिमचा रिचार्ज संपला तरी तो बॉक्स मुका होतो.

सर्व्हर. कॅमेरा शहापुरात आणि फोन ठाण्यात असला तरी अलर्ट बहुतेक वेळा कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरून फिरून येतो. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत बिघाड झाला, तेव्हा रिंग कंपनीचे कॅमेरे आणि डोअरबेल वापरणाऱ्या अनेकांची सेवा कोलमडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या अमेरिकी कंपनीची सेवा ठप्प झाली. ती पूर्ववत होताना सुमारे १३ हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यातली चित्रं दिसली.

तुमचा फोन. अँड्रॉइड बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणाऱ्या ॲपना झोपवतो. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते. रात्री फोन सायलेंटवर किंवा 'डू नॉट डिस्टर्ब'वर असेल, तर अलर्ट सकाळी चहासोबत दिसतो.

व्यावसायिक यंत्रणेत वेगळं काय असतं?

खऱ्या अर्थाने व्यावसायिक यंत्रणेत तीन गोष्टी असतात.

पहिली, हजेरी. घरातला पॅनेल ठरावीक वेळाने नियंत्रण कक्षाला 'मी चालू आहे' असा संदेश पाठवतो. तो आला नाही, तर तोच अलर्ट समजतात. वायर कापली, वीज गेली, सेन्सर काढला, तरी समोर बसलेल्या माणसाला कळतं.

दुसरी, पर्यायी सोय. पॅनेलमध्ये बॅटरी असते आणि इंटरनेट गेलं तर संदेश सिमकार्डवरून जातो. युरोपीय मानकांनुसार ग्रेड २ च्या अलार्मला विजेशिवाय १२ तास चालावं लागतं.

तिसरी, खातरजमा. एका सेन्सरपाठोपाठ दुसरा वाजला, किंवा ऑपरेटरने कॅमेऱ्यात पाहिलं, तर घटना पक्की धरतात. ब्रिटनमध्ये अलार्मवर पोलिसांनी तातडीने यावं असं वाटत असेल, तर तो मान्यताप्राप्त कंपनीने बसवलेला आणि असा पक्का झालेला असावा लागतो.

आपल्याकडे ही पद्धत प्रामुख्याने बँका आणि एटीएममध्ये दिसते. दूर बसलेला ऑपरेटर एटीएममधली हालचाल पाहतो आणि गरज पडल्यास स्पीकरवरून दरडावतो.

मग कंपनीची यंत्रणा घेतली की काळजी मिटली?

तसंही नाही. 'सिक्युरिटी सिस्टीम' या नावाखाली पुष्कळदा चार कॅमेरे, एक डीव्हीआर आणि तेच मोबाईल ॲप मिळतं. बसवणारा माणूस पैसे घेऊन जातो आणि रात्री लक्ष ठेवणारं कुणीच नसतं. ही घरगुतीच यंत्रणा, फक्त महाग.

म्हणून पैसे देण्याआधी विचारा: नियंत्रण कक्ष २४ तास चालतो का? पॅनेलचा संपर्क तुटल्यापासून किती वेळात फोन येईल? अलार्म वाजल्यावर माणूस पाठवणार असाल, तर तो कुठून निघणार? कल्याणहून निघालेला रक्षक टोकावड्याच्या पुढे किंवा डोळखांबला पोहोचेपर्यंत चोर निघून गेलेला असेल. ही उत्तरं करारात लेखी घ्या.

कंपनी रक्षक पुरवत असेल तर खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) कायदा, २००५ खाली तिच्याकडे परवाना असायला हवा. तो दाखवायला सांगा. कॅमेऱ्यांबाबतही, ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्हीला सायबर सुरक्षेची चाचणी आणि नोंदणी बंधनकारक आहे. बिनबिलाचा कॅमेरा घेताना हे लक्षात ठेवा.

अलर्ट आला, आता फोन कुणाला?

११२ हा आणीबाणीचा क्रमांक आहे. पण तुम्ही बंगळुरूत असताना ११२ लावलात, तर फोन कर्नाटकच्या कक्षात जाईल. म्हणून घर ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे त्याचा थेट क्रमांक आधीच सेव्ह करा. दोन्ही तालुके ठाणे ग्रामीण पोलिसांकडे येतात. शहापूर तालुक्यात शहापूर, वाशिंद, किन्हवली आणि कसारा, तर मुरबाडमध्ये मुरबाड आणि टोकावडे अशी पोलीस ठाणी आहेत. आपलं घर कोणाच्या हद्दीत येतं, हे अनेक फार्महाऊस मालकांना माहीत नसतं.

दुसरा क्रमांक गावच्या पोलीस पाटलांचा. हे पद महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार आहे आणि गावातल्या घडामोडी पोलिसांना कळवणं हे त्यांचं काम आहे. तिसरा क्रमांक शेजाऱ्याचा किंवा राखणदाराचा. पाच मिनिटांत घरासमोर उभा राहू शकेल असा माणूस बहुधा हाच.

पुणे, नाशिक जिल्ह्यांतल्या अनेक गावांनी हीच कल्पना ग्राम सुरक्षा यंत्रणेतून राबवली आहे. एका टोल-फ्री क्रमांकावर फोन केला की त्या परिसरातल्या नोंदणी केलेल्या सगळ्यांना एकाच वेळी कॉल जातो.

क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची का?

नाही. आधी शेजारी आणि पोलिसांना फोन करा. रात्री अंगणातून गेलेला माणूस वाट चुकलेला, गुरं शोधणारा किंवा रानातून परतणारा गावकरीही असू शकतो. 'चोर आले' म्हणून अंधुक क्लिप फिरली की पुढचं आपल्या हातात राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. १६ एप्रिल २०२० रोजी शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा असाच बळी गेला. दोन्ही ठिकाणी आधी अफवा पसरल्या होत्या. खोटा अलर्ट फोनमध्येच राहिला तर फक्त झोपमोड होते, ग्रुपवर गेला तर कुणाचा तरी जीव जाऊ शकतो.

चोरी झालीच असेल, तर मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि पोलिसांना द्या. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं. फॉरवर्ड झालेल्या क्लिपवर हे काम अवघड होतं.

कमी खर्चात काय करता येईल?

- राऊटर आणि कॅमेऱ्याला छोटा यूपीएस लावा, सर्ज प्रोटेक्टरही घ्या.
- इंटरनेटशिवाय वाजणारा मोठा भोंगा बसवा. तो शेजाऱ्याला थेट ऐकू जातो.
- दाराला चुंबकी सेन्सर लावा. दार उघडलं तरच तो वाजतो, त्यामुळे खोटे अलर्ट कमी येतात.
- ॲपमध्ये 'डिव्हाइस ऑफलाइन'चा अलर्ट असेल तर चालू करा. नसेल तर रोज एकदा लाइव्ह चित्र बघा.
- अलर्ट किमान दोन जणांच्या फोनवर येऊ द्या.
- पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.
- कॅमेऱ्याची काच महिन्यातून एकदा पुसा.
- रेकॉर्डिंगची एक प्रत मेमरी कार्ड किंवा डीव्हीआरखेरीज क्लाउडवरही ठेवा. चोर डीव्हीआरही उचलून नेतात.

शेवटी एक सोपी चाचणी. पुढच्या वेळी गावी गेलात की मेन स्विच बंद करा, घराबाहेर थांबा आणि दुसऱ्या कुणाला तरी दार उघडून आत जायला सांगा. दहा मिनिटांत तुमच्या फोनवर काही आलं का? शेजारी बाहेर आला का? दोन्ही उत्तरं 'नाही' असतील, तर यंत्रणा कितीही महाग असली तरी तिच्या भरवशावर दागिने किंवा रोकड घरात ठेवून जाऊ नका.