१० फेब्रुवारी : बेर्टोल्ट ब्रेख्त जन्मदिन

जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९८ रोजी आउग्सबुर्ग येथे झाला. त्यांचे नाव घेताना सोबत्यांची नावे गाळली, तर चित्र अपुरे राहते. शाळेपासूनचे मित्र कास्पर नेहर यांनी त्यांच्या नाटकांचे नेपथ्य केले. तारेवर सरकणारा, अर्ध्या उंचीचा पातळ पडदा ही या जोडीची खूण. पडद्याआड मंडळी मांडामांड करतात, हे प्रेक्षकांना दिसू द्यायचे. १९२८च्या ‘थ्री पेनी ऑपेरा’मागे कुर्ट वाइल यांचे संगीत होते, मूळ इंग्रजी नाटकाचा अनुवाद एलिझाबेथ हाउप्टमान यांनी केला होता. त्यांच्या वाट्याला मात्र श्रेय फारच थोडे आले. पत्नी हेलेने वायगेल यांनी ‘मदर करेज’ची भूमिका अजरामर केली आणि १९४९मध्ये स्थापन झालेली ‘बर्लिनर एन्सेम्बल’ ही संस्था १९५६मध्ये ब्रेख्त गेल्यानंतरही अखेरपर्यंत सांभाळली.

मराठी रंगभूमीवर ब्रेख्त रुजले तेही मित्रांच्या हातांनी. वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ आणि विजया मेहता यांनी सत्तरच्या दशकात मुंबईत ‘अजब न्याय वर्तुळाचा’ उभे केले, रूपांतर चिं. त्र्यं. खानोलकरांचे. लोकनाट्याच्या बाजात ब्रेख्त इतके चपखल बसले, की ते परके वाटलेच नाहीत. १९७८मध्ये पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले.